कोंडलेल्या माणसांची मालिका

मालिका संपलेली होती, हे मला परवा कळलं. शेपूची भाजी निवडत बसले होते. लेक शेजारी फोन घेऊन लोळत होती आणि मी सहज बोलता बोलता तिला म्हणाले, आमच्या लहानपणी टीव्हीवर एक मालिका लागायची, आठ अनोळखी माणसं एका बंद घरात कोंडलेली; कुणी कोंडली ते शेवटपर्यंत कळलंच नाही, कारण ती अर्ध्यातच बंद पडली. लेकीनं फोनवर इकडं-तिकडं बोटं फिरवली आणि म्हणाली, "बंद कुठं पडली गं आई? हा बघ की शेवटचा भाग. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून टाकलाय." माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि मला घाम फुटला.

"काय झालं? मालिकाच तर आहे," लेक म्हणाली.

मालिकाच तर आहे! आता हिला काय सांगू? त्या मालिकेच्या न संपण्यावर माझ्या कमलआत्याचं अख्खं आयुष्य उभं आहे. ती संपली असती, तर आत्याला सासरी परत जावं लागलं असतं. तिनं तसा शब्द दिला होता, साधासुधा नव्हे, देवापुढं बेलभंडारा उचलून. आणि आत्या शब्दाला इतकी कडक बाई की भाजीवाल्याला "उद्या येते" म्हणाली तर तापात फणफणत जाऊन येईल.

दोन रात्री नीट झोपले नाही. सांगावं तर ती काय करून घेईल, आणि न सांगावं तर तिच्या तोंडाकडं बघून मी कशी बोलू? माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. शेवटी आज सकाळी परभणीच्या स्टँडवरून माहेराकडं जाणारी ताडकळसची बस धरली. पर्समध्ये फोन आहे, फोनमध्ये तो भाग आहे, आणि मी तो अजून पाहिलेला नाही. एकटीनं पाहायचा धीर झाला नाही.

खिडकीबाहेर कापूस फुटलाय. बस थांबली की वेचणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येतं, आणि मधूनच तो वास येतो, सरकीचा, तेलकट, उन्हानं तापलेला. आमच्या घरात या दिवसांत हाच वास असायचा. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला असायचा, त्यात उड्या मारल्या म्हणून आम्ही मार खायचो, आणि अंगाला सुटलेली खाज रात्रभर पुरायची. आता कापूस रानातूनच गाडीत भरून जातो. घरात कुणी ठेवत नाही.

आत्या आली ती आषाढात, भर दुपारी. हातात वायरची पिशवी, पायात चप्पल नाही. आई तिला बघून नुसती "अगं बाई!" म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली. ती का आली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, आणि आज मला ठाऊक असलं तरी इथं सांगायची माझी इच्छा नाही. एवढंच सांगते. आल्या दिवसापासून ती आमच्या घरातल्या कुठल्याही दाराला बाहेरून कडी लावू द्यायची नाही. आई न्हाणीत जाताना माजघराचं दार सवयीनं ओढून घ्यायची, तर आतून आत्याचा आवाज यायचा, "वहिनी, कडी नगं." हळूच म्हणायची. आई तशीच मागं फिरून दार सताड उघडून ठेवायची.

घरात आजोबांचं राज्य होतं. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही आबाच म्हणायचो. उंच, वाळलेले, कमी बोलणारे. मारुतीच्या देवळात चातुर्मासात पोथी वाचायचा मान त्यांचा होता. संध्याकाळी धूप, निरांजनाचं तूप, ओल्या घोंगड्यांचा वास, आणि त्या सगळ्यात आबांचा आवाज. वाचताना त्यांचा आवाज निराळाच व्हायचा, घरातला करकरीतपणा जायचा आणि तो गोड लागायचा. आमच्या घराण्यात पोथीचा एक नेम होता. जी बाई पहिल्या अध्यायाला ऐकायला बसली, तिला समाप्तीचा नारळ फुटेपर्यंत उठवायचं नाही. माहेरी आलेली लेक असो की दुसऱ्या घरची सून, पोथी पुरी झाल्याबिगर तिला गावाबाहेर धाडायचं नाही. सासरकडून कुणी न्यायला आलं तर त्यानं पाहुणचार घ्यावा आणि माघारी जावं. आबा यात कुणाचं ऐकायचे नाहीत. एकदा एका मोठ्या घरच्या व्याह्यांना त्यांनी रिकाम्या हातानं परत लावलं होतं, आणि त्याची गोष्ट गावात लोक चवीनं सांगायचे.

आणि त्याच आषाढात ती मालिका सुरू झाली, रविवारी सकाळी. तिचं हिंदी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. गाव तिला "कोंडलेली मान्सं" म्हणायचं. आमच्याकडं शटरचा टीव्ही होता, काळा-पांढरा, त्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण. दादा, म्हणजे माझे वडील, माळवदावर चढून अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" आम्ही खालून सगळे एकदम, "आलं! आलं! गेलं! थांबा, थांबा, हलू नका!" दादा बिचारे कितीतरी वेळा अर्धा भाग अँटेना धरूनच उभे असायचे आणि नंतर आम्हाला विचारायचे की काय झालं. ओसरी माणसांनी भरायची. शिकेकाईनं न्हालेली पोरं, उकडलेल्या शेंगांची टोपली, तापलेल्या टीव्हीचा धुळकट वास. आबा मात्र टीव्हीकडं पाठ करून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचे. त्यांना त्या डब्याचा राग होता.

मालिकेत काय व्हायचं? आठ माणसं. एक डॉक्टर, एक गाणारी बाई, एक म्हातारा मास्तर, एक नवी नवरी, बाकीचे आता आठवत नाहीत. एका सकाळी सगळे एका मोठ्या घरात जागे होतात. कुणी कुणाला ओळखत नाही. खिडक्यांना फळ्या मारलेल्या. भिंतीत एक झरोका, त्यातून रोज जेवणाचं ताट आत सरकायचं. कोण सरकवतं ते दिसायचं नाही, फक्त हात दिसायचा. तो हात दिसला की आमच्या ओसरीवर शेंगा सोलणारे हात थांबायचे.

आत्या खांबाला टेकून बसायची, मी तिच्या मांडीला मांडी लावून. ती मालिका बघत नव्हती, ती त्या घरात शिरायची. "अगं त्या फळीचा खिळा सैल हाय, बघ की!" असं त्या नवरीला सांगायची. बाकीचे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण तिनं माझं मनगट धरलेलं असायचं आणि ते दुखायला लागायचं.

अशाच एका रविवारी, मालिका ऐन रंगात आलेली, आणि आत्याचा दीर दारात उभा राहिला. देवगाव फाट्याकडचा माणूस, नामदेव नाव, पांढरा शर्ट, फटफटीची किल्ली बोटात फिरवत. आत्याचा नवरा कधीच आला नाही. जे काही बोलायचं ते हा दीरच बोलायचा. गोड बोलायचा. "आबा, झालं गेलं. वहिनीला न्यायला आलोय. लोक काय म्हनतील, लेकीला घरात ठेवून घेतली म्हनून?"

आबांचं मन आधीच ठरलेलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात ते आईला म्हणाले होते, "पोथी झाली की कमलची ओटी भरायची तयारी करा. लेकीचं घर ते तिकडं." आई रात्रभर कुढली होती. पण आबांपुढं बोलायची कुणाची छाती?

त्या दिवशी आबा म्हणाले, "देवळातली पोथी चालू हाय. ती संपली की न्या."

"ती आता दिवाळी झाल्यावर संपंल की," दीर म्हणाला, "आन् वहिनी काय देवळात येती का ऐकायला? मी चौकशी केली. येत न्हाई ती. घराबाहेरच पडत न्हाई म्हनत्यात."

खरं होतं ते. आत्या देवळात जातच नव्हती. घराबाहेरच्या गर्दीत तिला धाप लागायची. म्हणजे नेम तिला लागू होत नव्हता.  आबांचा अडकित्ता थांबला. ओसरीवरच्या सगळ्या माना टीव्हीवरून आबांकडं वळल्या. आता "घेऊन जा" म्हणायचंच बाकी होतं.

आणि आत्या उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि म्हणाली, "माझी पोथी लागलीय."

"कोनती गं?" आबांनी विचारलं.

तिनं टीव्हीकडं बोट केलं. "ही. पहिल्या भागापासून बसलेय मी. एक रविवार मोडला न्हाई. तुमीच म्हनता, ऐकायला बसलेल्या बाईला समाप्तीआधी उठवू नये. हिची समाप्ती झाली की मी जाते. कुनी न्यायला यायची बी गरज न्हाई, माझी मी जाते."

दीर मोठ्यानं हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला. "बरं बरं! असली पोथी! अहो, तेरा-चौदा रविवारात संपत्यात असल्या मालिका. बघू द्या तिला. आबा, आमी थांबतो."

त्यानं हसण्यावारी नेलं, पण आबा हसले नाहीत. नेम म्हणजे नेम, या बाबतीत हा म्हातारा लहान पोरासारखा भोळा होता. ते उठले, देवघरातून पोखर्णीच्या नरसिंहाची तसबीर आणली, तीवरचा बेल आणि भंडारा पाटावर ठेवला. "दोघं उचला," म्हणाले. "कमल, समाप्ती झाली की तू जाशील. आन् नामदेवराव, तोवर तुमी न्यायला येनार न्हाई." आत्यानं उचलला. दिरानं हसत हसत उचलला. मागं टीव्हीवर तो हात पुन्हा झरोक्यातून आला आणि त्या दिवशी कुणी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पुढचे रविवार कसे काढले, काय सांगू! सगळ्या गावाला वाटायचं, ती माणसं सुटावीत. आमच्या घरात आम्हा बायकांना वाटायचं, सुटू नयेत. मास्तरला फरशीखाली चावी सापडली तेव्हा ओसरीवर टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, आणि आत्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. चावी कुठल्याच कुलुपाला लागली नाही तेव्हा तिनं श्वास सोडला, आणि लगेच तोंडात पदर कोंबून रडायला लागली, कारण ती नवरी रडत होती. तिचे हे हाल मला बघवायचे नाहीत. त्या आत कोंडलेल्या बाईची तिला एवढी माया, आणि तीच तिथून सुटू नये म्हणून देवाला हात जोडायचे. मीही जोडले. दादा मला एकदा सायकलवर पोखर्णीला घेऊन गेले, तेव्हा गाभाऱ्यात सगळे काय काय मागत होते आणि मी डोळे घट्ट मिटून म्हणाले, देवा, त्यांना सोडू नको. कुणी दार उघडू देऊ नको.

दसरा झाला. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रक भरायला लागले, गावातली अर्धी घरं बंद झाली, ओसरीवरची गर्दी पातळ झाली. मालिकेतली माणसं एकमेकांवर संशय घ्यायला लागली होती. "आता लौकरच कळंल बघ," असं कुणी म्हणालं की आई त्याला चहा न देता उठून जायची.

मग गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. एका संध्याकाळी मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि गावात काळोख. तेव्हा डीपी जळाली म्हणजे आठवडेच्या आठवडे जायचे. पहिल्या रविवारी दादांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला लावली. चित्र पापडाएवढं आकसलेलं आणि आवाज पाताळातून आल्यासारखा, पण आम्ही बघितलं. त्या भागात डॉक्टर म्हणाला, मला कळलंय कोण आहे ते. आणि भाग संपला. अख्खा आठवडा आत्या जेवली नाही, जेवल्यासारखं करायची. नंतरच्या रविवारी ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला गेलेला होता. टीव्ही आंधळा. आम्ही त्याच्यासमोर तरी बसलो, सवयीनं. काचेत आमचीच तोंडं दिसत होती.

आबा डीपीसाठी म्हणून परभणीला गेले. मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, त्यांच्या ओळखीच्या आडत्याकडं उतरायचे, तसे उतरले. दोन-तीन दिवसांनी परतले ते तोंड पाडूनच. लोकांनी डीपीचं विचारलं आणि त्याबरोबर मालिकेचंही विचारलं, कारण शहरात तर लाइट होती. आबा म्हणाले, "बंद पडली म्हनं. अर्ध्यातच." पुढं लाइट आली, रविवारी आम्ही शटर उघडलं, तर त्या वेळेला कुठलासा गाण्याचा कार्यक्रम. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. मालिका नव्हती. मी अंगणात जाऊन उड्या मारल्या.

दीर आला तो खळ्याच्या दिवसांत. या वेळी हसत नव्हता. बरोबर दोन माणसं होती, जीप होती. "आबा, मालिका संपली. आमच्या फाट्यावर लोक म्हनायलेत. वेळ बदलून मधल्या वारी दाखवली शेवटची. चला, वहिनीला काढा बाहेर."

आम्ही सगळे दारात. आत्या आत होती, मधल्या खोलीत. आबांनी सुपारी खाली ठेवली. "कोन म्हनतंय संपली?"

"लोक."

"तुमी बघितली का?"

"मला काय धंदे न्हाईत का? मी काय असलं बघायलोय का?"

"मंग येवढंच सांगा," आबा म्हणाले, "त्यांना कोंडलं होतं कुनी? जे म्हनायलेत त्यातला एक मानूस आना. त्यानं तेवढं नाव सांगू द्या. मी आत्ता ओटी भरून लेक जीपमदी बसवतो."

दिरानं बरोबरच्या दोघांकडं बघितलं. त्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. त्याचा चेहरा लाल झाला, कानशिलावरच्या शिरा फुगल्या. मला वाटलं हा आता अंगावर जातोय. पण तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "ठीक हाय. मंग उचला बेलभंडारा. आन् देवापुढं म्हना, संपली न्हाई म्हनून. तुमी म्हनलं की मी जातो."

 गोठ्यात म्हैस शेपटी मारत होती, तेवढाच आवाज.  आबा देवघरात गेले, तसबीर घेऊन आले, पाट मांडला. बेल उचलला, भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "समाप्ती झाली न्हाई."

जीप गेली. धुरळा बराच वेळ खाली बसला नाही. मी आबांच्या कमरेला मिठी मारली, तर त्यांनी मला हळूच बाजूला केलं आणि हात धुवायला गेले. तो दीर परत आला नाही. पुढं काय कागदं झाली ती मोठ्यांनी केली. आबांनी गावाच्या वेशीला आत्याला पिठाची गिरणी टाकून दिली, आणि ती गिरणी आजही चालू आहे.

आणि आज मी तिच्या दारात फोन घेऊन उभी आहे. माझ्यासारखी गाढव मीच! पण आता आलेय तर आलेय.

गिरणीला दुपारची सुट्टी होती. ताज्या दळणाचा तो गरम वास, ज्वारीचा, थोडा जळका. आत्याच्या भुवयांवर पीठ, केसांवर पीठ. आता पीठ कुठलं आणि पिकलेले केस कुठले ते कळत नाही. "अगं, फोन न करता आलीस? काय झालं? जावईबापू बरे हायत ना?" तिनं मला पाणी दिलं. मी ते तसंच खाली ठेवलं. मग मी एका दमात सगळं ओकून टाकलं. मालिका, लेक, कॅसेट, शेवटचा भाग.

 आत्यानं हात झटकले, चष्मा लावला आणि म्हणाली, "लाव."

आम्ही दोघी धान्याच्या पोत्यावर शेजारी शेजारी बसलो. चित्र खराब होतं, मधूनमधून रेघा. आठजण पुन्हा दिसले, किती तरुण होती ती सगळी माणसं! आणि शेवट? शेवट काय, नुसता घाईगर्दीचा बाजार. पाच मिनिटांत गुंडाळलेला. आधी कधीच न दिसलेला कुणी एक श्रीमंत काका एकदम उगवतो, हात जोडून कबूल करतो, पोलीस दार फोडतात, सगळे बाहेर. चावीचं काय, डॉक्टरला काय कळलं होतं, कशाचाच पत्ता नाही. मला असा राग आला! एवढ्यासाठी आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो?

मी भीत भीत आत्याकडं बघितलं. ती शांत होती. "हां," म्हणाली. "काका. असंच सांगितलं होतं आबांनी."

"काय?"

"आबांनी बघितली होती ना शेवटची. परभनीला, आडत्याच्या घरी. मुद्दाम थांबले होते तिच्यासाठी. आल्याबरोबर मला एकटीला कापसाच्या खोलीत बोलावलं आन् म्हनले, कमल, संपली गं. काका होता कोनीतरी."

 "आणि तू?"

"मी काय? शब्द दिलेला. पिशवी भरली, तर आबा म्हनले, मी हाक मारल्याबिगर निघायचं न्हाई. दीर आला त्या दिवशी मी पिशवी घेऊन दाराआड हुबी होते. आबांनी नुसती हाक मारायची, की मी निघनार होते. तर त्यांनी बेलभंडारा उचलला." तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला, पुसतच राहिली. "मी सांजच्याला म्हनलं, आबा, तुमी देवापुढं असं कसं बोललात? तर म्हनले, बरोबर बोललो. ऐकनारं हजर नव्हतं. ऐकनारं नसल तर समाप्ती कशाची?"

बाहेर कुणीतरी दळण घेऊन आलं, दार बंद बघून गेलं. आम्ही दोघी उठलो नाही.

"पन आतून खात होतं त्यांना," आत्या म्हणाली. "पुढच्या चातुर्मासाला लोक बोलवायला आले, तर सांगितलं, मला आता दिसत न्हाई, दुसरं कुनी बघा. डोळ्याला काय बी झालं न्हवतं. मला सुईत दोरा ओवून देयचे शेवटपातूर."

ते मला आठवत होतं. आबांनी पोथी सोडली ती कायमची. मारुतीच्या देवळात दुसऱ्याचा आवाज यायला लागला, आणि आबा संध्याकाळी ओसरीवर दिवा न लावता बसायचे, देवळाकडं कान लावून. मी मोठी झाले, लग्न होऊन परभणीला गेले, आबा गेले, आणि एवढ्या वर्षांत मला एकदाही संशय आला नाही. म्हातारपण आहे, डोळे गेलेत, असंच धरून चालले.

मी रडायला लागले, चांगली हुंदके देऊन. आत्यानं पिठाचा हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

"मी म्हनलं होतं त्यांना," ती म्हणाली. "पाया पडले. म्हनलं, आबा, मी जाते सासरी, तुमचं खरं होऊ द्या, तुमी पोथी वाचा. तर माझ्याकडं न बघताच म्हनले, बस खाली. पोथी वाचनारे गावात लय हायत."